भरली गाडी, रिकामी गाडी आणि एकच वेळ: ट्रान्झॅक्शनमधलं ‘आत्ता’ कसं तपासायचं

निफाड तालुक्यातल्या एका कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावर आम्ही वजनकाट्याचं सॉफ्टवेअर बसवलं होतं. पद्धत नेहमीचीच. लिलाव झाला की ट्रॅक्टर-ट्रॉली खळ्यावर येते, भरल्या गाडीचं वजन होतं, कांदा खाली होतो, मग रिकाम्या गाडीचं वजन. दोन्हींची वजाबाकी म्हणजे निव्वळ माल. काटापट्टीवर दोन्ही वजनांसमोर वेळ छापायची असं ठरलं होतं. तिसऱ्याच दिवशी मुनीमजींचा फोन आला. एक शेतकरी पट्टी घेऊन त्यांच्यासमोर उभे होते आणि त्यांचा आवाज मला फोनवर स्पष्ट ऐकू येत होता: “अहो भाऊ, पंचवीस क्विंटल कांदा एका सेकंदात खाली झाला का? का दुसऱ्यांदा गाडी काट्यावर घेतलीच नाही?”

पट्टीवर भरली गाडी १०:१२:०७ आणि रिकामी गाडीही १०:१२:०७. वजनं बरोबर होती, पैसेही बरोबर होते. पण ज्या पट्टीवर वेळ खोटी दिसते तिच्यावरच्या वजनावर कोण विश्वास ठेवेल? शेतकऱ्याचं काही चुकलं नव्हतं. चूक आमची होती, आणि ती मला सापडायला अख्खी दुपार गेली, कारण मी काट्याच्या वायरीपासून प्रिंटरपर्यंत सगळं तपासलं आणि डेटाबेसला शेवटी हात लावला.

डेटाबेस होता पोस्टग्रेस. कोड असा: भरल्या गाडीचं वजन आलं की ट्रान्झॅक्शन (एकदमच पक्क्या होणाऱ्या नोंदींचा गट) सुरू, पहिली नोंद; गाडी रिकामी होऊन परत आली की दुसरी नोंद, मग कमिट, म्हणजे सगळं पक्कं. दोन्ही नोंदींत वेळ भरायला नाऊ() हे फंक्शन. आणि पोस्टग्रेसमध्ये नाऊ() म्हणजे ‘आत्ता’ नव्हे, ‘हे ट्रान्झॅक्शन सुरू झालं तेव्हा’.

आपल्या बोलण्यातलं ‘आत्ता’ तरी कुठे एक असतं? “आत्ता निघालोच” म्हणणारा माणूस नाशिकच्या द्वारका सर्कलच्या गर्दीत अडकलेला असतो किंवा घरात चहाचा कप हातात धरून बसलेला. डेटाबेसचं ‘आत्ता’ही असंच आहे, फक्त प्रत्येक डेटाबेसने आपला अर्थ लिहून ठेवलाय. तो वाचण्यापेक्षा स्वतः करून बघितलेला जास्त लक्षात राहतो, म्हणून हा लेख. फंक्शनांची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टाइप अर्थातच रोमनमध्ये करायची.

पायरी १: पोस्टग्रेसची तीन घड्याळं शेजारी शेजारी लावा

पीएसक्यूएल, म्हणजे पोस्टग्रेसला कमांड द्यायची खिडकी, उघडा. आधी फक्त ‘बिगिन;’ (ट्रान्झॅक्शन सुरू करायची कमांड) लिहून एंटर मारा. मग पाच-सात सेकंद थांबा आणि हे चालवा:

सिलेक्ट नाऊ(), स्टेटमेंट_टाइमस्टॅम्प(), क्लॉक_टाइमस्टॅम्प();

साधारण असं दिसेल:

नाऊ: १०:१२:०७.३१८४५२
स्टेटमेंट: १०:१२:१५.९०२११८
क्लॉक: १०:१२:१५.९०२३७७

कमिट न करता अर्ध्या मिनिटाने तीच ओळ परत चालवा:

नाऊ: १०:१२:०७.३१८४५२
स्टेटमेंट: १०:१२:४६.११००९३
क्लॉक: १०:१२:४६.११०३०१

पहिलं घड्याळ मायक्रोसेकंदापर्यंत जिथल्या तिथे. ते ‘बिगिन’ला थांबलंय. करंट_टाइमस्टॅम्प आणि ट्रान्झॅक्शन_टाइमस्टॅम्प() ही त्याचीच दुसरी नावं. मध्ये सेव्हपॉइंट (ट्रान्झॅक्शनमध्ये मागे फिरायची खूण) टाकून बघा, त्यानेही ते हलत नाही. कमिट करून नवीन ‘बिगिन’ केलं की मगच पुढे सरकतं.

आता एकाच क्वेरीत झोप घाला: क्लॉक_टाइमस्टॅम्प(), मग पीजी_स्लीप(३), मग पुन्हा क्लॉक_टाइमस्टॅम्प(). दोन वेळांत तीन सेकंदांचा फरक दिसेल. हेच स्टेटमेंट_टाइमस्टॅम्प()ने केलं तर फरक शून्य.

या मधल्या घड्याळाची एक खोच आहे. स्टेटमेंटची वेळ म्हणजे क्लायंटकडून शेवटचा संदेश सर्व्हरला मिळाला ती वेळ. त्यामुळे चार कमांड एकाच स्ट्रिंगमध्ये जोडून पाठवल्या तर चारींना एकच वेळ मिळते. फंक्शनच्या आत दहा स्टेटमेंट असली तरी दहाही वेळा बाहेरच्या कॉलचीच वेळ येते. नावावरून ‘प्रत्येक स्टेटमेंटला नवी वेळ’ असं वाटतं, तसं नाही.

पायरी २: आपल्या कोडमध्ये ‘बिगिन’ कोण आणि कधी म्हणतं ते शोधा

बहुतेकांना ही भानगड वर्षानुवर्षं दिसत नाही, कारण ऑटोकमिट चालू असतो. प्रत्येक स्टेटमेंट स्वतःच एक छोटं ट्रान्झॅक्शन असतं, त्यामुळे नाऊ() दर वेळी ताजं दिसतं. मग एके दिवशी कोणीतरी जँगोमध्ये (पायथनचा वेब फ्रेमवर्क) ‘अ‍ॅटॉमिक रिक्वेस्ट्स’ चालू करतं किंवा स्प्रिंगमध्ये (जावाचा तसाच फ्रेमवर्क) मेथडवर ‘ट्रान्झॅक्शनल’ लावतं, आणि त्या दिवसापासून रिक्वेस्टभर घड्याळ गोठतं. कोडमधली वेळेची एकही ओळ बदललेली नसते.

जँगो वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवायचं. तिथलं ‘नाऊ’ हे डेटाबेस फंक्शन पोस्टग्रेसवर मुद्दाम स्टेटमेंट_टाइमस्टॅम्प() वापरतं, म्हणजे इतर डेटाबेसांशी जुळावं. ट्रान्झॅक्शनची वेळ हवी असेल तर ‘ट्रान्झॅक्शन-नाऊ’ वेगळं आहे. आणि मॉडेलमधलं ‘ऑटो_नाऊ_अ‍ॅड’ डेटाबेसला विचारतच नाही. ती वेळ पायथन चालतं त्या मशीनच्या घड्याळाची. एकाच टेबलात एक कॉलम एका घड्याळाचा आणि शेजारचा दुसऱ्या घड्याळाचा, असं मी स्वतः करून ठेवलेलं आहे.

ड्रायव्हरही बघा. सायकॉपजी२ (पायथनला पोस्टग्रेसशी जोडणारा ड्रायव्हर) कनेक्शन उघडल्यावर लगेच ‘बिगिन’ पाठवत नाही. पहिली क्वेरी येते तेव्हा पाठवतं. म्हणजे घड्याळ पहिल्या क्वेरीला थांबतं, आणि ती पहिली क्वेरी म्हणजे कुठलंतरी किरकोळ सेटिंग वाचणं असू शकतं.

चालू सर्व्हरवर कोणाचं घड्याळ कधीपासून थांबलंय हे पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीत दिसतं. तिथला ‘एक्सअ‍ॅक्ट_स्टार्ट’ कॉलम म्हणजे त्या ट्रान्झॅक्शनची सुरुवातीची वेळ. ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ स्थितीतल्या ओळी काढा आणि त्यात सर्वांत जुनी कोणती ते बघा. आमच्याकडे ती चाळीस मिनिटं जुनी निघाली. ट्रॉली खाली व्हायला लागतो तेवढा वेळ.

पायरी ३: गोठलेलं घड्याळ कुठे हवं आणि कुठे नको

लगेच सगळीकडे क्लॉक_टाइमस्टॅम्प() लावायला धावू नका. पोस्टग्रेसवाल्यांनी हे चुकून केलेलं नाही. एका ट्रान्झॅक्शनमधल्या सगळ्या बदलांवर एकच वेळ असावी, हा त्यामागचा हेतू. हिशोबपट्टीचंच घ्या. वरची मुख्य ओळ, खाली हमाली, तोलाई, उचल. चारही ओळी मिळून एकच पट्टी आहे. रात्री ११:५९:५९ला पट्टी बनायला लागली आणि प्रत्येक ओळीने आपली खरी वेळ घेतली, तर माल आजच्या तारखेत आणि हमाली उद्याच्या. दिवसअखेरचा मेळ बसायचा नाही आणि मुनीमजी रात्री बाराला फोन करायचे. इथे नाऊ()च बरोबर.

वजनाच्या दोन वेळा मात्र दोन वेगळ्या घटना आहेत. म्हणून फंक्शन निवडण्याआधी प्रश्न हा विचारायचा: मला कोणत्या क्षणाची वेळ लिहायची आहे? घटना घडली तो क्षण, नोंद केली तो क्षण, की ती नोंद बाकीच्यांना दिसायला लागली तो क्षण? हे तीन वेगळे आहेत, आणि तिसऱ्यासाठी वरच्या तिन्ही घड्याळांपैकी एकही चालत नाही. त्याच्याकडे पुढे येतो.

आमचा खरा गुन्हा फंक्शनचा नव्हताच. माणसाची वाट बघत ट्रान्झॅक्शन उघडं ठेवणं हा होता. हमाल कांदा खाली करतायत, चालक टपरीवर गेलाय, आणि इकडे डेटाबेसमध्ये लॉक धरून एक ट्रान्झॅक्शन ताटकळतंय. त्याच्यामुळे व्हॅक्यूमला (पोस्टग्रेसच्या साफसफाईच्या कामाला) जुन्या मेलेल्या ओळी साफ करता येत नाहीत. क्लॉक_टाइमस्टॅम्प() लावून पट्टी सुधारली असती आणि हा रोग तसाच राहिला असता. आम्ही दोन वजनांची दोन स्वतंत्र, क्षणात संपणारी ट्रान्झॅक्शन केली आणि सर्व्हरवर ‘आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट’ एक मिनिटाचा लावला. पुन्हा कोणी असा कोड लिहिला तर कनेक्शनच तुटेल आणि चूक पहिल्या दिवशी कळेल.

जिथे क्लॉक_टाइमस्टॅम्प() खरंच हवं, म्हणजे लांब बॅचमधल्या टप्प्यांच्या नोंदी वगैरे, तिथेही दोन गोष्टी सांभाळा. ते ‘वेअर’मध्ये (ओळी निवडायच्या अटीत) टाकू नका: पोस्टग्रेसच्या भाषेत ते अस्थिर फंक्शन आहे, त्यामुळे त्या अटीसाठी इंडेक्स वापरता येत नाही आणि प्रत्येक ओळीला ते नव्याने मोजलं जातं. नाऊ() स्थिर धरलं जातं, इंडेक्स चालतो. आणि पन्नास हजार ओळींच्या एका अपडेटमध्ये ते वापरलंत तर ओळींना वेगवेगळ्या वेळा मिळतील.

पायरी ४: बाकीच्या डेटाबेसांवर तोच प्रयोग

मायएसक्यूएलवर ट्रान्झॅक्शन सुरू करून दोनदा नाऊ(६) चालवा. वेळ पुढे सरकलेली दिसेल. तिथे नाऊ() स्टेटमेंटच्या सुरुवातीला थांबतं, ट्रान्झॅक्शनच्या नाही. एकाच क्वेरीत नाऊ(), स्लीप(३), नाऊ() लिहिलं तर दोन्ही सारख्या. नाऊच्या जागी सिसडेट() घातलं तर तीन सेकंदांचा फरक. ट्रिगर किंवा स्टोअर्ड फंक्शनच्या आत नाऊ() बाहेरच्या स्टेटमेंटची किंवा फंक्शन सुरू झाल्याची वेळ देतं, सिसडेट() मात्र तेव्हाची खरी. स्टेटमेंटवर आधारित रेप्लिकेशनमध्ये (दुसऱ्या सर्व्हरवर तीच स्टेटमेंट पुन्हा चालवून प्रत ठेवणं) बायनरी लॉगबरोबर, म्हणजे बदलांच्या नोंदवहीबरोबर, मूळ वेळ जाते, म्हणून नाऊ() दुसऱ्या सर्व्हरवरही तेच उत्तर देतं. सिसडेट() देत नाही.

मायएसक्यूएलवर ट्रान्झॅक्शनभर एकच वेळ हवी असेल तर सुरुवातीला ती एका व्हेरिएबलमध्ये घ्या आणि सगळीकडे तेच वापरा. ‘सेट टाइमस्टॅम्प’ करून नाऊ()लाच गोठवताही येतं, पण मी ते टाळतो. परत डिफॉल्ट करायला विसरलं आणि कनेक्शन पूलमध्ये गेलं की ते कनेक्शन पुढच्या माणसाला कालची वेळ सांगत बसतं.

ऑरॅकलमध्ये एका एसक्यूएल स्टेटमेंटमध्ये सिसडेट एकच राहतं. पीएल-एसक्यूएलमध्ये (ऑरॅकलची प्रोग्रॅमिंग भाषा) प्रत्येक कॉलला नवीन. तिथे दुसराच घोळ जास्त होतो: सिसडेट सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमची वेळ देतं, करंट_डेट तुमच्या सेशनच्या टाइमझोनची. एसक्यूएल सर्व्हरवर गेटडेट() ट्रान्झॅक्शनमध्ये पुढे सरकत राहतं, पण टेम्पोरल टेबलांच्या (ओळींच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या) कालावधीच्या कॉलमांत ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ जाते, तीही यूटीसीत (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ). त्यातून एक मजेशीर चूक येते. तुमचं ट्रान्झॅक्शन आधी सुरू झालं, तेवढ्यात दुसऱ्याने तीच ओळ बदलून कमिट केली, आणि आता तुम्ही ती बदलायला गेलात तर सर्व्हर १३५३५ क्रमांकाची एरर देतो: तुमची वेळ ओळीच्या वेळेच्या मागची आहे. एसक्यूलाइट साधा आहे: एका स्टेप-कॉलमध्ये (क्वेरी एक पाऊल पुढे नेणाऱ्या कॉलमध्ये) ‘नाऊ’ बदलत नाही, आणि वेळ यूटीसी.

पायरी ५: कमिटची वेळ, म्हणजे सर्वांत महागडी चूक

यावर थोडा जास्त वेळ द्या. खळ्यावरचा डेटा दर तासाला नाशिकच्या ऑफिसात ओढायचा आहे. सगळे लिहितात तसंच आपणही लिहितो: ‘अपडेटेड_अ‍ॅट’ गेल्या वेळेपेक्षा मोठं असेल त्या ओळी द्या.

आता दोन खिडक्या उघडा. पहिलीत ५:५८:५०ला बिगिन आणि एक इन्सर्ट, वेळ नाऊ()ने. कमिट करू नका. दुसऱ्या खिडकीत ६:००:००ला सिंकची क्वेरी चालवा. पहिलीतली ओळ दिसणार नाही, कारण कमिट झालेलं नाही. सिंक ‘६:००:००पर्यंत घेतलं’ अशी खूण करून मोकळं होतं. ६:०१:१०ला पहिल्या खिडकीत कमिट. ओळ आता सगळ्यांना दिसते, पण तिच्यावर वेळ ५:५८:५०. पुढचं सिंक ६:००:००नंतरचं मागतं. ती ओळ कायमची सुटली. एरर नाही, लॉग नाही, फक्त महिनाअखेरीस दोन ट्रॉल्यांचा हिशोब लागत नाही.

क्लॉक_टाइमस्टॅम्प()ने हे सुटत नाही. इन्सर्ट आणि कमिट यांच्यातली फट राहतेच. सीक्वेन्सच्या (डेटाबेस देतो त्या चढत्या) नंबरानेही नाही, कारण नंबर आधी घेतलेला नंतर कमिट होऊ शकतो. उपाय तीन. पहिला, साधा: दर वेळी थोडं मागे जाऊन ओढा, म्हणजे खूण ६:०० असली तरी ५:४५पासून घ्या, आणि तीच ओळ दोनदा आली तर नुसती बदलेल असं अपसर्ट लिहा. हे मागे जाणं तुमच्या सर्वांत लांब ट्रान्झॅक्शनपेक्षा मोठं हवं. वरचा टाइमआउट इथेही थोडा आधार देतो, पण तो फक्त रिकाम्या बसलेल्यांना पकडतो, राबणाऱ्यांना नाही. दुसरा: पोस्टग्रेस ९.५पासून ‘ट्रॅक_कमिट_टाइमस्टॅम्प’ सेटिंग आहे. ते चालू करून सर्व्हर रिस्टार्ट केला की पीजी_एक्सअ‍ॅक्ट_कमिट_टाइमस्टॅम्प(एक्समिन)ने (एक्समिन म्हणजे ती ओळ लिहिणाऱ्या ट्रान्झॅक्शनचा क्रमांक) ओळीची कमिटची वेळ मिळते. सेटिंग चालू करण्याआधीच्या ओळींसाठी ते काही देत नाही. तिसरा, लॉजिकल डिकोडिंग (डेटाबेसच्या लॉगमधून बदल वाचणं), ज्यात बदल कमिटच्या क्रमाने मिळतात; छोट्या टीमला ते सांभाळणं जड जातं. आम्ही पहिला उपाय वापरतो.

याच फटीची उलटी बाजूही बघा. पोस्टग्रेसमध्ये स्नॅपशॉट, म्हणजे क्वेरीला दिसणारं डेटाचं चित्र, ‘बिगिन’ला घेतला जात नाही, रिपीटेबल रीडमध्येसुद्धा (ट्रान्झॅक्शनभर एकच चित्र दाखवणारी पातळी) तो पहिल्या खऱ्या क्वेरीला घेतला जातो. बिगिन करा, चहा पिऊन या, मग आवक मोजा आणि रिपोर्टच्या डोक्यावर नाऊ() छापा. रिपोर्ट म्हणेल ‘१०:१२पर्यंतची आवक’, आणि त्यात १०:२०ची ट्रॉली असेल. असंच एखादं काम उचलणारं प्रोसेस एकाच लांब ट्रान्झॅक्शनमध्ये फिरत ‘वेळ झाली का’ हे नाऊ()ला विचारत राहिलं, तर ती वेळ कधीच होत नाही.

पायरी ६: किरकोळ वाटणारे सापळे

कॉलमच्या डिफॉल्टमध्ये नाऊ() लिहा. टाइमस्टॅम्प म्हणून अवतरणातलं ‘नाऊ’ लिहिलंत तर पोस्टग्रेस ते वाचताक्षणी आकड्यात बदलतो, आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक ओळीला टेबल बनवल्याची वेळ मिळते.

सेकंदाचे अपूर्णांक नकोत म्हणून पोस्टग्रेसमध्ये अचूकता शून्य ठेवलेला टाइमस्टॅम्प वापरला तर तो अपूर्णांक कापत नाही, जवळच्या सेकंदाला नेतो. रात्रीचे ११:५९:५९.६ ही उद्याची तारीख होते. मायएसक्यूएलचंही डिफॉल्ट तेच. कापायचंच असेल तर कापणारं फंक्शन वापरा.

आणि टाइमझोन. सर्व्हर यूटीसीवर असेल तर त्याची तारीख आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलते. कांद्याच्या गाड्या लिलावाला नंबर लागावा म्हणून पहाटे चारलाच गेटवर उभ्या असतात. त्या सगळ्या आदल्या दिवसाच्या आवकेत जातात. टाइमझोनसह टाइमस्टॅम्प साठवा आणि तारीख काढताना आधी ‘एशिया/कोलकाता’मध्ये आणा. (आपलं प्रमाणवेळेचं घड्याळ ८२.५ रेखांशाचं आहे आणि नाशिक ७३.८च्या आसपास, म्हणजे सूर्याच्या हिशोबाने आपण त्याच्याही सुमारे ३५ मिनिटं मागे. सुदैवाने सूर्याची वेळ पट्टीवर छापायला अजून कोणी सांगितलेलं नाही.)

पायरी ७: टेबल शेवटी कसं झालं

आता प्रत्येक वजनाच्या ओळीत दोन वेळा आहेत. ‘घटनेची वेळ’ काट्याजवळचा संगणक वजन स्थिर होताच घेतो आणि पॅरामीटर म्हणून पाठवतो. ‘नोंदीची वेळ’ डेटाबेस स्वतः नाऊ()ने भरतो. खळ्यावरची लाइट किंवा नेट गेलं की वजनं त्या संगणकावरच साठतात आणि नेट आल्यावर एका दमात वर जातात, तेव्हा दोन वेळांत तासाभराचाही फरक पडतो. पट्टीवर पहिली छापतो, सिंक दुसरीवर चालतं. काट्याच्या संगणकाचं घड्याळ एनटीपीवर (नेटवरून घड्याळ जुळवायची पद्धत) बांधलंय, आणि नोंदीची वेळ घटनेच्या वेळेपेक्षा मागे दिसली तर ती ओळ लाल होते.

तुमच्याकडे आधीच चाललेली यंत्रणा असेल तर सुरुवात एका क्वेरीने करा: ज्या दोन वेळा वेगळ्या असायलाच हव्यात, त्या मायक्रोसेकंदापर्यंत सारख्या असलेल्या ओळी मोजा. आमच्याकडे तीन दिवसांतल्या सगळ्याच निघाल्या. त्यांची रिकाम्या गाडीची खरी वेळ कुठेच नव्हती, म्हणून अंदाजाने भरली नाही. तो कॉलम नल (रिकामा) केला. त्या पट्ट्या पुन्हा छापल्या तर रिकाम्या गाडीसमोर आता ‘वेळ नोंद नाही’ असं येतं. त्या शेतकऱ्यांना मुनीमजींनी तशीच नवी पट्टी दिली, आणि त्यांनी ती आधी वजनासाठी, मग वेळेसाठी, अशी दोनदा वाचून खिशात घातली.